‘आज सही नको’ म्हणणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आमच्या घरातले कॅन्सरचे उपचार अजून चालू आहेत, नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत. औषध लागू पडतंय की नाही हे ठरायचंय, पण आमचे आभार त्यावर अडलेले नाहीत, म्हणून निकालाची वाट न बघता लिहितोय. तुमचं नाव घालत नाही. पत्र उघडं ठेवलंय ते एवढ्यासाठी, की कोल्हापुरात ज्या घरी ‘ट्रायलमध्ये जावं का’ अशी चर्चा चालू असेल, तिथंही ते वाचलं जावं.

पहिले आभार ‘आज सही नको’ या तीन शब्दांचे. संमतीपत्राची जाडजूड चवड हातात देताना तुम्ही तेच म्हणालात. घरी न्या, पाळकसाहेबांना दाखवा, कळलं नाही तिथं पेन्सिलनं खूण करा. आणि सांगितलंत, हा अभ्यास आहे. तुम्हाला गुण येईलच असं नाही, कदाचित तुमच्यामुळं पुढच्या पेशंटला येईल. कॅन्सरच्या घरात ‘नवीन औषध’ म्हटलं की कानाला ‘जास्त चांगलं औषध’ असंच ऐकू येतं. ते चुकीचं ऐकणं तुम्ही पहिल्याच दिवशी दुरुस्त केलंत.

मग खुणा केलेली एकेक ओळ धरून बसलात. ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यानं नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ट्रायलमुळं इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधपाणी मोफत, शिवाय नुकसानभरपाईची तरतूद. पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर कुठल्या पानावर आहे तेही दाखवलंत. स्कॅनचा खर्च कोणाचा, प्रवासाचा कोणाचा, हे समासात लिहूनच दिलंत. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे ट्रायल्सची सरकारी नोंदवही, तिचा क्रमांक मोबाईलवर टाकून ट्रायलची नोंद तपासायला शिकवलंत. हा क्रमांक कोणी सांगत नसेल तर तिथं सही करू नका, असं आता आम्हीही भेटेल त्याला सांगतो.

ट्रायलची रचनाही तुम्हीच उलगडलीत. नेहमीची केमो सगळ्यांना. तिच्याबरोबर एका गटाला इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना कॅन्सरशी लढायला लावणारं नवं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं साधं सलाईन. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवतो. डॉक्टरांना कळत नाही, तुम्हालाही नाही. पिशवी तयार करणाऱ्या फार्मासिस्टला तेवढं माहीत, आणि पेशंटच्या जिवाला धोका असून उपचारासाठी कळणं गरजेचं असेल, तरच ते उघड करतात. आमच्या तोंडी सारखी एकच प्रार्थना येत होती, नवं औषधच मिळू दे. हे गुपित का ठेवतात, ते तुम्ही समजावलंत. डॉक्टरांना कळलं तर नकळत त्या पेशंटकडं जास्त लक्ष जातं; पेशंटला कळलं तर त्याला उगाच बरं वाटू लागतं, नाहीतर उगाच खचायला होतं. मग औषधाचा खरा गुण मोजायचा कसा? त्या दिवसापासून आमची प्रार्थना बदलली. दर एकविसाव्या दिवशी सलाईन लागलं की आम्ही दोघं म्हणतो, प्रभू, पिशवीत काय आहे ते तुला ठाऊक आहे. आणि त्याच ट्रायलमधल्या, कधीच न पाहिलेल्या बाकीच्या पेशंटांसाठीही मागतो.

सगळ्यात मोठं ऋण मात्र तुमच्या डायरीचं. रोजचं एक पान: ताप, खोकला कोरडा की कफाचा, जिना चढताना धाप लागली का, शौचाला किती वेळा, रक्त दिसलं का. हे कशासाठी, तेही तुम्ही मांडून सांगितलंत. आपल्या शरीरातल्या टी-पेशींना, म्हणजे संरक्षक पेशींना, एक ब्रेक असतो. कॅन्सर तोच दाबून धरतो. ट्रायलमधलं नवं औषध तो सोडवतं. असे ब्रेक सोडवून कॅन्सरशी लढण्याच्या शोधाबद्दलच ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण ब्रेक सुटलेली पेशी गाठीवर जाते तशी कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉईडवरही जाते. केमोचे जुलाब आणि हे जुलाब दिसायला सारखेच, उपाय मात्र वेगळा.

कोल्हापुरात पोट बिघडलं की खापर तांबड्या रश्श्यावर. तुम्ही बजावलंत, ‘मिसळीला दोष देऊ नका, आकडा लिहा.’ नेहमीपेक्षा दिवसात चार ते सहा वेळा जास्त झालं तर त्याच दिवशी फोन. सात किंवा त्याहून जास्त, किंवा रक्त दिसलं, तर थेट हॉस्पिटल. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी मनानं घेतली तर आकडा उतरतो, आतड्याची सूज मात्र आत वाढत राहते. आणि सूज ठरली तर स्टेरॉईड. तेही बरं वाटलं म्हणून आठवड्यात बंद करायचे नाहीत, महिना-दीड महिना पायरीपायरीनं उतरवायचे, नाहीतर सूज परत उलटते. तापाचंही तसंच. केमोमुळं पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, म्हणून थर्मामीटर १००.४ वर गेला की रात्र असली तरी फोन. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही.

पाहुण्यांनी प्रेमानं आणलेला गुळवेलीचा काढा तुम्ही न रागावता बाजूला ठेवायला लावलात. गुळवेलीनंही यकृताला इजा होऊ शकते. रक्तात यकृताचे आकडे चढले तर दोष काढ्याचा की ट्रायलच्या औषधाचा हे कळणार कसं? आणि तोवर डोस थांबतो. पाकिटात ठेवायचं, ट्रायलमध्ये असल्याचं ते छोटं कार्डही मोलाचं. गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलं तरी आधी कार्ड पुढं करायचं.

स्कॅनच्या आधीही तुम्ही गोड बोलला नाहीत. इम्युनोथेरपीत संरक्षक पेशी गोळा झाल्यानं गाठ सुरुवातीला मोठी दिसू शकते, म्हणून कधीकधी चार ते आठ आठवड्यांनी परत स्कॅन करतात. पण लगेच पुढं म्हणालात, असं थोड्यांच्याच बाबतीत होतं. बहुतेक वेळा वाढलेली गाठ म्हणजे वाढलेला आजारच. हे ऐकायला जड गेलं. तरी त्या रात्री झोप लागली, कारण लपवलेलं काही नव्हतं.

‘विश्वास आहे ना, मग प्रयोग कशाला?’ असं मंडळीत काहीजण विचारतात. त्यांना आम्ही जवळचंच मिरज दाखवतो. डॉ. वानलेस यांनी तिथं १८९४ साली हॉस्पिटल उभारलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छताखाली चालताना आपल्या भागानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यात. आम्हाला विश्वास म्हणजे डायरीतलं पान खरं भरणं वाटतं. चुकलेला डोस ‘घेतला’ असं लिहिलं तर ते पुढच्या पेशंटशी खोटं बोलणं होईल.

रविवारच्या उपासनेत आभाराच्या प्रार्थनेत तुमच्यासाठी मागतोय, नाव न घेता, ‘आमची सिस्टर’ म्हणून. डायरी कालपर्यंत भरलेली आहे. तिच्या शेवटच्या पानावर तीन नवे प्रश्न पेन्सिलनं लिहिलेत, येताना घेऊन येतो.

ख्रिस्तात आपले,
एक पती-पत्नी, कोल्हापूर