केमोची तारीख चुकू नये म्हणून सोबत हवी
(ज्येष्ठ नागरिक मंडळ, चोपडा तालुका, जि. जळगाव)

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी ऐन कापूस वेचणीत आमचे एक ७२ वर्षांचे सभासद दुसऱ्या केमोनंतर दवाखान्यात गेलेच नाहीत. फुफ्फुसाचा कॅन्सर. उपचार योजनेतून मोफत होते, डॉक्टर बोलावत होते. पण मुलगा शेतात अडकलेला, सुनेचं लेकरू अंगावर पिणारं, आणि बाबांना एकट्याने एसटीत चढवत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "जाऊ दे भो, आते काय राह्यनं!" आम्हाला कळलं तोवर दोन तारखा हुकल्या होत्या. शेजारच्या गल्लीतली गोष्ट, आणि आम्हाला पत्ता नव्हता. ती बोच अजून आहे.

बहुतेक केमो २१ दिवसांनी असते. त्याआधी रक्ततपासणी, म्हणजे एका केमोला अनेकदा दोन खेपा. शेक (रेडिएशन) लागला तर आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे. मुंबईला टाटा रुग्णालयात पाठवलं तर आधी जळगाव गाठायचं, कारण चोपड्याला रेल्वे नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. एसटी ७५ वर्षांपुढे मोफत आहे. रेल्वेत रुग्णालयाचा दाखला दाखवला की कॅन्सर रुग्णाला स्लीपरच्या तिकिटाचं भाडं लागत नाही, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. पण बुडालेली मजुरी, मुक्काम आणि जेवण यांना कुठलंच कार्ड चालत नाही. आणि कागद जमवायला, रांगेत उभं राहायला धडधाकट माणूस लागतो.

म्हणून पैशाआधी आम्ही माणसं मागतो आहोत. महिन्यातला एक दिवस देणारे सोबती हवेत. निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले बांधव, कॉलेजची मुलं, कोणीही. महिला रुग्णांसाठी भगिनी आवर्जून हव्यात. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडी न ओढलेल्या आजीबाईंनाही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. चारचाकी असेल तर जळगावची एक फेरी द्या. कोरोनात घेतलेलं ऑक्सिजन काँसंट्रेटर माळ्यावर पडून असेल तर ते मंडळाला द्या, आम्ही दुरुस्त करून घेऊ. दम लागलेल्या माणसाची रात्र किती लांब असते, हे ज्यांच्या घरी झालं त्यांना सांगायला नको. रोख देणगीतून फक्त प्रवास, मुक्काम आणि जेवण होईल. प्रत्येकाला पावती मिळेल आणि दरमहा हिशेब फलकावर लागेल.

घरच्यांनाही हात जोडून सांगणं आहे. तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, वजन उतरणं, याला "वय झालं" म्हणू नका. टीबीचं औषध सुरू असूनही फरक पडत नसेल तर कॅन्सर तर नाही ना, हे डॉक्टरांना पुन्हा विचारा. नुसत्या वयावरून उपचार नाकारायचे नसतात. माणूस किती हिंडतो-फिरतो, हृदय-मूत्रपिंड कसं आहे, ते बघून डॉक्टर ठरवतात. काहींना तपासणीनंतर घरी घ्यायच्या गोळ्याही चालतात. आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला तरी दुखणं आणि धाप कमी करणारे उपचार असतात, ते मागून घ्या.

नावनोंदणी मंडळाच्या खोलीत, रोज संध्याकाळी ५ ते ७. येताना पुढच्या महिन्यातला मोकळा दिवस ठरवून या, वहीत लगेच लिहून घेऊ.

आपले,
अध्यक्ष व सर्व सभासद