आधी अभंगाचे चारही चरण

महोदय,

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात रात्रीचे कीर्तन साधारण नऊ ते अकरा. पत्रिकेवर दोन तास छापलेले असतात. पण पुढाऱ्यांचे सत्कार, शाल-नारळ आणि देणगीदारांची नावे यांतच अर्धा तास सरतो. सुरुवातीचे भजन आणि विठ्ठलाच्या रूपवर्णनाचा म्हणजे रूपाचा अभंग यांना वीस मिनिटे धरा. उरल्या वेळात सासू-सुनेचे विनोद सुरू झाले की निरूपणाला घेतलेल्या अभंगाचा पहिला चरण कसाबसा उलगडतो, बाकीचे नुसते म्हणून समारोपाचे 'हेचि दान' गाठले जाते. मोबाइलवर फिरते ती हशाची क्लिप, आणि महाराजांना पुढच्या वर्षीची तारीखही त्या क्लिपवरच दिली जाते.

नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्या कीर्तनकाराने जाब द्यायचा तो पांडुरंगाला. तुकोबांचा दंडक स्पष्ट आहे: कीर्तन करावे तिथे जेवू नये, बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला वैरणही मागू नये, पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकाचे धनी. इतका कडकपणा का, हे कोणत्याही सप्ताहात दिसते. ज्या रात्रीचा अन्नदाता, म्हणजे जेवणाचा खर्च देणारा, दारूदुकानदार, त्या रात्री व्यसनावर अभंग निघत नाही. ज्याचे मिंधे व्हायचे, त्याला कडू बोलणार कसे?

आज गाडीचे डिझेल, मृदंगवादक, गायक यांचा खर्च असतो, हे मान्य. तो सप्ताहाच्या वर्गणीतून आधीच ठरवून द्यावा. गर्दी पाहून पाकीट जाड करू नये. त्या दिवसाचा अन्नदाता कोण, हे महाराजांना कीर्तन संपेपर्यंत सांगूच नये. सत्कार हरिपाठानंतर, साडेआठच्या आत उरकावेत. नऊला कीर्तन उभे राहिले की माइक दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये. अभंग चार चरणांचा घेतला, तर भजन वगळून सव्वा तास निरूपणाला पुरतो. विनोदाला हरकत नाही (संतांनाही तो वर्ज्य नव्हता), पण दोन मिनिटांत तो चरणावर परत यायला हवा.

पहिल्या वर्षी मागच्या रांगा दहालाच उठतील. शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनातील गर्दीशी तुलना करून कुणी नाक मुरडेल. काल्याला गर्दी होतेच. तेवढ्यावरून समितीने पुढच्या वर्षीचे महाराज बदलू नयेत.

– एक वारकरी वाचक