पुडी एक, पाणी लिटरभर

मा. संपादक,

जुलाब सुरू झाले की जलसंजीवनी द्या, हे आता घरोघरी माहीत आहे. ती किती पाण्यात कालवायची, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. परवा ओळखीच्या घरी गेले, तर लिटरभर पाण्याची २०.५ ग्रॅमची अख्खी पुडी एकाच पेल्यात कालवलेली. ‘घट्ट दिली की लवकर गुण येईल,’ असे बाळाच्या आईला वाटत होते. मी विज्ञान शिकवते. तो पेला पाहून माझ्या पोटात गोळाच आला.

वर्गात आम्ही र्‍हिओच्या पानाची जांभळी साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. काठोकाठ भरलेल्या पेशी दिसतात. मिठाच्या तीव्र द्रावणाचा थेंब सोडला की काही मिनिटांत तो जांभळा रस भिंतीपासून सुटतो आणि आकसून मधोमध गोळा होतो. पटलातून पाणी बाहेर निघून गेलेले असते. हे बहिःपरासरण. ‘मिठाने पाणी ओढले’ असे मुले म्हणतात. खरे तर पाण्याची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू असते. बाहेर मीठ जास्त असल्याने आत येणारे पाणी कमी पडते, इतकेच. कुंडीत दुप्पट खत घातल्यावर पानांच्या कडा करपतात, त्यामागेही हेच.

बाळाच्या आतड्यात वेगळे काय होणार? घट्ट द्रावण पोटात गेले की शरीरातले पाणी उलट आतड्यात उतरते. जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम चढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये जलसंजीवनीची तीव्रता मुद्दाम ३११ वरून २४५ मिलिऑस्मोल (पाण्यात विरघळलेल्या कणांचे माप) प्रतिलिटरवर आणली, म्हणजे रक्ताच्या सुमारे २९० पेक्षाही कमी. तीच पुडी २०० मिलीलिटरच्या पेल्यात कालवली की तीव्रता पाचपट होते, समुद्राच्या पाण्यापेक्षाही जास्त!

तो पेला आम्ही ओतून दिला, लिटरभर पाणी मोजून नवी पुडी कालवली आणि बाळाला चमच्याचमच्याने पाजली.

पुड्या लहानही मिळतात, २०० मिलीलिटर पाण्यासाठीच्या. त्यामुळे अंदाज नको, पुडीवरचे माप वाचायलाच हवे. माझी कळकळीची विनंती आहे, अतिसारावरच्या प्रत्येक बातमीत ‘जलसंजीवनी द्या’ या शब्दांना लागूनच ‘पुडीवर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात’ हेही छापावे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका