रक्त घेतले किती वाजता, तपासले किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुहागर-चिपळूण मार्गावर मी 27 वर्षे एस.टी.चा वाहक होतो. दुपारच्या गाडीला एका लॅबचा मुलगा थर्माकोलचा डबा आणून देई. मी तो बॉनेटच्या कडेला सरकवून ठेवी आणि चिपळूणला उतरवून देई. बॉनेट किती तापते ते एस.टी.त बसणाऱ्याला सांगायला नको. डब्यात रक्ताच्या नळ्या असत, एवढेच मला ठाऊक. पुढे माझ्याच लेकीची नळी त्याच वाटेने जाऊ लागली.

तिला ताकायासू आर्टेरायटिस आहे. यात मोठ्या रोहिणींच्या भिंतींना सूज येते आणि त्या आतून अरुंद होत जातात. दुर्मीळ आजार, गाठतो तो बहुतेक तरुण मुलींना. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने 1908 मध्ये तो नोंदवला. आमच्या घरी तो कळला नारळ खवताना. तिचा डावा हात भरून येई, गार पडे. उपकेंद्रातल्या सिस्टरना डाव्या मनगटाला नाडीच लागेना. रक्तदाबाचे मशीन बिघडले असेल म्हणून त्यांनी हात बदलला. उजवीकडे वरचा आकडा 150, डावीकडे 90! त्या बाईंचे उपकार विसरणार नाही.

मग दर महिन्याला ईएसआर सुरू झाला. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, ते यात मोजतात. सूज वाढली की आकडा चढतो. ऑगस्टमध्ये तो 14 आला. पैसे वाचावेत म्हणून सीआरपी (सूज आली की रक्तात वाढणारे प्रथिन मोजायची तपासणी) केली नव्हती, ती माझी चूक. घरात आनंदीआनंद, पण पोरीचा हात गारच. आठवड्याने चिपळूणला नेऊन तिथेच रक्त दिले, तर 46. डॉक्टरांनी सांगितले, बाहेर ठेवलेल्या रक्ताचा ईएसआर चार तासांच्या आत व्हायला हवा. उशीर झाला की आकडा खोटाच खाली येतो. चौकशी केली तेव्हा कळले, आमचे रक्त सकाळी अकराला घेतलेले आणि तपासलेले संध्याकाळी सातला.

आता तिला टोसिलिझुमॅबचे इंजेक्शन चालू आहे. यकृताला सीआरपी बनवायला लावणाऱ्या संदेशाची वाटच ते अडवते, त्यामुळे आत सूज धुमसत असली तरी सीआरपी आणि ईएसआर दोन्ही गप्प राहू शकतात. म्हणून डॉक्टर कागद बाजूला ठेवून आधी नाडी बघतात, मानेला स्टेथोस्कोप लावतात, अधूनमधून एमआर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) करायला लावतात.

एस.टी.च्या साध्या तिकिटावर मिनिटासकट वेळ छापून येते. मग ईएसआरच्या रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि तपासल्याची, अशा दोन वेळा छापायला लॅबवाल्यांना काय अडचण आहे? आणि गावोगावच्या आरोग्य शिबिरांत, निदान तरुण मुलींचा तरी, रक्तदाब दोन्ही हातांना मोजावा. त्याला दोन मिनिटे जास्त लागतील.

आपला,
एक निवृत्त वाहक, ता. गुहागर