विषय : काचेच्या भट्टीतील दोष आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या भट्टीत माझी कोरीव काच वारंवार तडकते आहे. आपले इंजिनिअर आले, उभ्या उभ्या पाहिले आणि 'ग्राहकाने दार लवकर उघडले' असा शेरा मारून गेले. त्याच शेऱ्यावर आपण वॉरंटी नाकारलीत. हा शेरा मला मान्य नाही.

मी १२ मिमी फ्लोट काचेची (साध्या सपाट काचेची) वॉश बेसिन बनवतो. आधी सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने, कमळाची नक्षी कोरायची, मग ती काच साच्यावर ठेवून ७०० अंशांच्या आसपास बाक द्यायचा. कोरलेल्या जागी काच जेमतेम ६ मिमी उरते. पातळ भाग चटकन तापतो, जाड भाग मागे राहतो आणि त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून ५४० अंशांपर्यंत मी तासाला ८० अंशांचाच वेग लावतो. आपला कंट्रोलरही ८०च दाखवतो. पण काचेशेजारी वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) ठेवला, तर पहिल्याच तासात आकडा २००च्या पुढे गेला! आपला थर्मोकपल मागच्या विटेत जवळजवळ पुरलेला आहे. वीट तापेपर्यंत कॉइल पेटलेलीच राहते.

आता दाराबद्दल. दार लवकर उघडले असते, तर काच थंड होताना तडकली असती. तुकडे मी जपून ठेवले आहेत. तड्याच्या कडांची धार पार मेली आहे, बोट फिरवले तरी कापत नाही. शिवाय दोन्ही तुकडे साच्यात वेगवेगळे वाकले आहेत, जुळवायला गेले तर बसत नाहीत. थंड होताना तडकलेल्या काचेची कड धारदार असते आणि तुकडे एकमेकांत नेमके बसतात. म्हणजे काच तापतानाच फुटली. त्या वेळी दार कोण उघडेल? इंजिनिअर साहेबांनी तुकडा हातात घेतला असता, तर त्यांनाही हे दिसले असते.

थर्मोकपल काचेच्या पातळीवर आणून, काचेजवळचा वेग मोजून दाखवावा. जमत नसेल, तर भट्टी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. फुटलेल्या मालाची भरपाई वेगळी. बिले आणि फोटो सोबत जोडले आहेत. ही भट्टी मी स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मला लागू होतो. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
(सही)