ब्र्युके म्युझियममधल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून ताई म्हणते. पत्र मराठीत लिहिलंय. सूनबाई जर्मन करून तुमच्यापर्यंत पोहोचवेल.

मे महिन्यात बर्लिनला, डालेमच्या झाडीतल्या तुमच्या म्युझियममध्ये पावसात चिंब भिजून आलेली साडीवाली बाई, ती मी. भलत्याच स्टॉपवर उतरले होते, गुडघे बोलायला लागले होते. तुम्ही काही न विचारता खुर्ची आणलीत आणि नेमकी चित्रकार श्मिट-रोट्लुफच्या ख्रिस्ताच्या चित्रासमोर ठेवलीत.

मी सांगलीत एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. 1905, ड्रेस्डेन, आर्किटेक्चर शिकणारी चार पोरं, श्मिट-रोट्लुफ त्यांतलाच एक, त्यांच्या गटाचं नाव ‘पूल’, म्हणजे जर्मनमध्ये ब्र्युके — एवढंच मुलांना सांगत आले. चित्रं पाहिली ती पुस्तकातली, काळी-पांढरी, तिकिटाएवढी. तो काष्ठठसा समोर आला आणि मला उठवेना. कपाळावर थेट 1918 कोरलेलं. महायुद्ध संपलं ते वर्ष. खाली अक्षरांची ओळ. तुम्ही इंग्रजीत अर्थ सांगितलात: तुम्हाला ख्रिस्त दिसला नाही का? अक्षरं लाकडात उलटी कोरावी लागतात, हे मी हवेत बोट फिरवून दाखवलं, तेव्हा तुमचा चेहरा उजळला. मग पटाशी कुठे जोरात गेली असेल, ते तुम्ही काचेपासून बोट लांब धरून एकेक करून दाखवलंत. आपल्याला भाषेची गरजच पडली नाही.

निघताना बागेपाशी थांबवून शेजारची इमारत दाखवलीत: हिटलरच्या लाडक्या शिल्पकारासाठी बांधलेला स्टुडिओ. अंगावर काटा आला. त्याच राजवटीत श्मिट-रोट्लुफची सहाशेहून जास्त कामं म्युझियममधून काढून नेली, 1941 मध्ये त्यांना चित्रं काढायलाच बंदी केली. आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्याच माणसाने आपली चित्रं बर्लिनला देऊन टाकली, त्यातून 1967 साली हे म्युझियम उभं राहिलं. तुम्ही सांगितलं नसतं, तर मी त्या भिंतीवरून नुसती नजर फिरवून बस पकडली असती.

तुमच्याकडून घेतलेलं त्या ठशाचं पोस्टकार्ड माझ्या शनिवारच्या वर्गात लावलंय. मुलींनी आल्या आल्या कपाळावरच्या आकड्याचं विचारलं. सगळं सांगितलं, आणि लिनोवर तोच आकडा उलटा कोरायला दिला. त्यातला नऊ बहुतेकींचा चुकला. एकीचा बरोबर आला, तो ठसा सोबत पाठवतेय.

तुमची,
सांगलीच्या चित्रकलेच्या बाई