चाचा, त्या चीज बिस्किटांचं खरं सांगायचं राहिलं

चाचा,
सलाम आणि नमस्कार.

नाताळ होऊन आठवडा उलटला, तरी माझ्या चीज बिस्किटांचं कौतुक थांबलेलं नाही. शरणपूरच्या मावशींनी फोन करून विचारलं, "कुठल्या बेकरीतून आणलीस गं?" मी पटकन म्हणून गेले, "घरी केली." खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. तुमचं नाव आणि बेकरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या नाशकात ज्यांनी दिवाळीला नानकटाईचं पीठ मळून भट्टीवर नेलंय, ते ओळखायचे ते ओळखतीलच.

मावशींचा आणि आमचा डब्यांचा व्यवहार जुना. दिवाळीत आमचा फराळ त्यांच्याकडे जातो, नाताळात त्यांच्या करंज्या आणि केक आमच्याकडे येतात, आणि डबा रिकामा परत करायचा नाही ही आईची शिस्त. यंदा मावशींची साखर वाढली, गोड बंद. म्हणून मी खाऱ्या शॉर्टब्रेडचा घाट घातला. (लोणी आणि चीज म्हणजे काही पथ्याचं खाणं नव्हे, हे मला कळतं. पण सणाला दोन बिस्किटं कोण मोजतं!)

शॉर्टब्रेड मूळचं स्कॉटलंडचं. साखर एक भाग, लोणी दोन भाग, मैदा तीन भाग, एवढाच हिशोब. खाऱ्यात साखर जाते आणि चीज येतं. मी अर्धा किलो मैदा, 300 ग्रॅम लोणी आणि 300 ग्रॅम चीज घेतलं. लोणी फ्रिजमधून दगड होऊन निघालं, मला घाई, मी ते सरळ गॅसवर पातळ केलं. चीज आपलं नेहमीचं क्यूबचं. वर हाताच्या सवयीने चमचाभर मीठ. लोणी खारं, चीज खारं, हे पहिला तुकडा तोंडात टाकल्यावर आठवलं! ओटीजीत बारा मिनिटांनी डोकावले तर वीस बिस्किटांची मिळून एक चादर झालेली, आणि कडेला सुटलेल्या तुपात बुडबुडे नाचत होते.

सगळा दोष ओटीजीला देऊन उरलेलं पीठ डब्यात भरलं आणि स्कूटर काढली. 23 तारखेची संध्याकाळ, शालिमारला ही गर्दी. तुमच्याकडे पोचले तेव्हा तुम्ही पावाचे पत्रे बाहेर ओढत होतात. मी म्हटलं, "चाचा, एवढं भाजून द्या, भाजणावळ काय असेल ती घ्या." तुम्ही डब्याचं झाकण काढलंत, पिठात बोट रोवलंत आणि बोट उजेडात धरलंत. ते चकाकत होतं.

"लोणी पातळ केलं होतं का, ताई?"

मी मान हलवली.

"मग भट्टी काय करणार? हे तर आत जायच्या आधीच वितळलंय."

पत्रा भरून आत सारला असता तर तुमचं काम पाच मिनिटांचं होतं. वाया गेलं असतं ते माझं पीठ. तसं न करता तुम्ही ते परातीत पसरलंत, दोन मुठी तांदळाची पिठी आणि थोडा मैदा भुरभुरवलात आणि मला म्हणालात, "मळू नका, नुसतं गोळा करा." पिठीने ओल धरली आणि खारटपणाही जरा उतरला. (शॉर्टब्रेडमध्ये तिकडेही तांदळाची पिठी घालतात, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते नानकटाईच्या रव्यावरून ओळखलंत.) मग पिठाच्या दोन लांबट वळ्या करून, कागदात गुंडाळून, मागच्या ओट्यावर उघड्यावर ठेवल्यात. डिसेंबरातली नाशिकची थंडी, वेगळा फ्रिज कशाला हवा!

तो दीड तास मी तुमच्या बाकड्यावर बसून होते. तुम्ही हात चालू ठेवून सांगत होतात. खारीच्या पिठात तूप गार नसेल तर पदर सुटत नाहीत, सगळं पिठातच मुरून जातं. बिस्किटाचंही तसंच. लोणी घट्ट असेल तर मैदा भाजून आकार धरेपर्यंत ते टिकतं. आधीच पातळ असेल तर बिस्किट उभं राहायच्या आत वाहून जातं. करंजीचं मोहन मी इतकी वर्षं घालतेय. मोहन जास्त झालं की करंजी तेलात हसते, हेही ठाऊक. पण ते आणि हे एकच आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

पावाची शेवटची खेप निघाल्यावरही तुम्ही लगेच पत्रा घातला नाहीत. भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकलात आणि बघत राहिलात. तो झटकन काळा पडला. "अजून तापट आहे. चीज करपलं की कडू." थोड्या वेळाने पुन्हा चिमूट, आणि या वेळी मैदा सावकाश बदामी झाला. तोवर वळ्या टणक झाल्या होत्या. तुम्ही सुरीने अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या कापल्यात, वर भरड मिरी दाबलीत. लाल तिखट मी घरून नेलं होतं, ते तुम्ही बाजूला सारलंत, आधी जळतं म्हणून. आणि सगळ्या न घालता दोनच चकत्या आत सरकवल्यात.

त्या दोन जागच्या हलल्या नाहीत. कडा सोनेरी झाल्या, मधला भाग फिका राहिला आणि चीजचा खरपूस वास पार गल्लीपर्यंत गेला असणार, कारण पाव न्यायला आलेल्या एका पोराने "हे काय नवीन?" म्हणून विचारलंच. मी अधीरपणे एक उचलायला गेले तर ते हातात मोडलं. तुम्ही हसलात. "गरम बिस्किटाला हात लावायचा नसतो, ताई. ते अजून बसलेलं नसतं."

बाकीची सगळी निघेपर्यंत साडेनऊ वाजून गेले होते. तुमच्या घरून दोनदा फोन येऊन गेला होता, तो मी ऐकला. भाजणावळ तुम्ही रोजच्याच दराने घेतलीत. मी वरचे पैसे पुढे केले, तर गल्ल्याकडे न बघताच म्हणालात, "वेळेचे कसले पैसे? मी इथेच असतो."

मावशींना मी कालच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या नाताळात माझ्या नानकटाईचं पीठही तिकडेच ने." तेव्हा तयारी ठेवा. लोणी पातळ करू नका, हे मी त्यांना आत्ताच बजावलंय.

आणि हो, डबा भरल्यावर उरलेली बिस्किटं मी ज्या पत्र्यावर घरी आणली, तो तुमचा पत्रा अजून आमच्या ओट्यावर आहे. कोपऱ्यात थोडं चीज चिकटलं होतं, ते गरम पाण्याने निघालं. शनिवारी आणून देते. रिकामा नाही आणणार.

तुमची,
शालिमारच्या गर्दीतून डबा घेऊन आलेली ताई